डब्यातला हिवाळा

2022 च्या सप्टेंबरमध्ये आमच्या खालच्या बाथरूमच्या फ्लशच्या टाकीत माझा एक जुना नायलॉनचा मोजा दोऱ्याने बांधून सोडलेला होता आणि त्या मोज्यात 18 बिया होत्या. घरात कोणाला सांगितलं नव्हतं, सांगून पटण्यातली ती गोष्टच नव्हती. पण एका गुरुवारी नळाला पाणी नव्हतं, गच्चीवरची टाकीही संपली, फ्लश का चालत नाही म्हणून नवऱ्याने झाकण उचललं आणि आतून मोजा बाहेर काढून तसाच ठिबकत हॉलमध्ये घेऊन आला. मग सगळा खुलासा करावा लागला, तोही सासूबाईंसमोर.

खुलासा असा, की आयरिस नावाच्या फुलझाडाच्या बीत तिने लगेच उगवू नये म्हणून काही द्रव्यं भरलेली असतात. ती धुवून निघाल्याशिवाय बी हलत नाही. म्हणून बी पाण्यात भिजत ठेवायची आणि पाणी रोज बदलायचं. परदेशातल्या आयरिसवेड्या लोकांनी यावर शोधलेला आळशी उपाय म्हणजे फ्लशची टाकी, दर वेळी आपोआप नवीन पाणी. आमच्या घरात चार माणसं, त्यात आई रात्री दोनदा उठतात, म्हणजे रात्रपाळीचीही सोय झालेली. हे शेवटचं मी बोलायला नको होतं.

आई एवढंच म्हणाल्या, "फुलं आली तर देवाला वाहू नकोस म्हणजे झालं."

बिया आणल्या होत्या श्रीनगरहून. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, म्हणजे ट्युलिपच्याही नंतर, आयरिसच्याही नंतर, पुणेकर जातात तसे ऑफ सीझनला रेट बघून. निशात बागेच्या बाजूला एका गेस्ट हाऊसमध्ये उतरलो होतो, तिथे कुंपणाला लागून तलवारीसारख्या पानांची रांग आणि मधूनमधून वाळलेल्या दांड्यांवर तपकिरी बोंडं. एक बोंड मी दाबलं तर ते तीन फाकांत उकललं, आत सुकलेल्या काळपट मनुक्यांसारख्या बिया ओळीने रचलेल्या, पोळ्यांची चवड असते ना तशा. तिथले म्हातारे माळीबाबा बघत होते, म्हणाले, "ये तो कब्रों का फूल है बहनजी." काश्मिरात कबरींवर आयरिस लावतात हे मला तेव्हा कळलं. रंग कुठला विचारलं तर सफेदही असतो नीळाही असतो म्हणाले. फूल मी आजपर्यंत प्रत्यक्ष बघितलेलं नाही. आमचं सगळं प्रकरण बोंडापासूनच सुरू झालंय, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढे निराशा नको.

कबरीवरचं फूल म्हटल्यावर घरात थोडं वातावरण तापेल असं वाटलं होतं. आई म्हणाल्या, समाधीवर तुळस लावतोच की आपण. विषय संपला. मी चारपाच वाक्यं तयार करून ठेवली होती, ती वाया गेली.

एकूण बिया 31. त्यातल्या 13 मी आल्या आल्या उत्साहात कुंडीत टाकल्या, भर पावसाळा, म्हटलं ओल आहे, उगवतील. एकही उगवली नाही. मग वाचायला बसले, जे आधी करायचं असतं ते. वाचल्यावर त्या बीबद्दल आदर वाटायला लागला. काश्मिरात ती ऑगस्टच्या सुमाराला खाली पडते. पुढच्या चार सरींना भुलून तिने कोंब काढला तर डिसेंबरात बर्फाखाली तो मरणार. म्हणून ती थांबते, तिच्या हिशोबात आधी गारठ्याचे आठवडेच्या आठवडे जमा व्हावे लागतात, ओलसर गारठा, कोरडा चालत नाही, आणि ते पुरेसे जमले की मग ऊब लागल्यावर उघडायचं. पुण्याची थंडी तिच्या हिशोबात बसतच नाही. आपली थंडी म्हणजे सकाळी सहाला पर्वतीवर कानटोपी आणि दुपारी दोनला पंखा. रात्री पारा 10 पर्यंत गेला तर वर्तमानपत्रात शेकोटीचा फोटो येतो आणि त्याच दिवशी दुपारी 28 असतं. बी म्हणणार, हा काय चेष्टा करतोय.

तर तिला फसवायचं. ओला टिश्यू पेपर, त्यात बिया, तो झिपच्या पिशवीत, ती पिशवी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात 4 अंशाला, एका बाजूला कोथिंबीर आणि दुसऱ्या बाजूला आईंचं सायीचं पातेलं. सप्टेंबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात, दहा आठवडे. टिश्यू वाळू द्यायचा नाही आणि पाणी साचू द्यायचं नाही, बुरशी दिसली की धुवायचं. दिवाळीच्या साफसफाईत कामाच्या मावशींनी डबा उघडला आणि ओट्यावरून ओरडल्या, "ताई, मनुक्यांना बुरशी आलीय, टाकून देऊ का?" मी आंघोळीहून तशीच धावत आले. दहा आठवडे तो डबा म्हणजे माझ्या डोक्यात श्रीनगर होतं, बाकीचा फ्रिज पुणे. नवरा दार उघडून काय खाऊ काय खाऊ करत अर्धा मिनिट उभा राहिला की मी आतून ओरडायचे, बर्फ वितळतोय तिकडे.

दरम्यान वाफा करायचा होता. आमचं घर सहकारनगरात, जुना बंगला, मागे पंधरा बाय वीस फूट जागा, त्यातली पंपाजवळची पट्टी तेवढी दुपारी चारपर्यंत उन्हात असते. आयरिसला ऊन पाहिजे आणि पाण्याचा निचरा पाहिजे. आमची माती काळी, पाऊस पडला की गच्च धरून बसते, म्हणून मुरूम मिसळायचा ठरवलं. पुण्यात मुरूम विकत घेणारा माणूस वेडा, गल्लीत कुठेतरी जुना बंगला पाडून खड्डा चालूच असतो, मुकादमाला विचारलं तर तो दोन पाट्या पुढ्यात आणून टाकतो. तो मुरूम आणला, पट्टी साफ करायला घेतली.

त्या पट्टीत आईंचं ठिपक्यांचं फूल होतं. नाव वगैरे काही नाही, घरात तेवढंच म्हणायचे. पसरट हिरवी पानं, पावसाळ्यात उंच दांड्यावर नारिंगी फुलं आणि त्यावर शेंदरी लाल ठिपके, एका दिवसात संपणारी. मला कधीच विशेष वाटलं नव्हतं. वाढतं कसंही, लवतं, वाटेत येतं. दोन मोठे गड्डे होते, उपटले. आई मागच्या पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "आई, हे काढू ना?" तर म्हणाल्या, "काढ की. तुझी बाग आहे." आणि मेथी निवडत राहिल्या. ज्यांना सासू आहे त्यांना हे वाक्य कसं म्हटलं गेलं ते सांगायला नको. मला ऐकू आलं होतं, पण श्रीनगर फ्रिजमध्ये तयार होत होतं, तेव्हा मी ते ऐकलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिया वाफ्यात लावल्या, बोटाच्या पेराएवढ्या खोल. आणि जानेवारीत आल्या! सात. अठरातल्या सात म्हणजे काही वाईट नाही, आयरिसच्या बिया सगळ्या एका दमात येतच नाहीत, काही पुढच्या वर्षी येतात, काही त्याच्याही पुढच्या. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझा पोपट होणार आहे तो याच्यामुळेच. कोंब आधी साध्या गवतासारखा दिसतो, उपटून टाकावा असाच. मग दुसरं पान पहिल्याच्या पोटातून चपटं बाहेर येतं, मग तिसरं, सगळी एकाच पातळीत, मिटलेला हातपंखा हळूहळू उघडावा तशी. गवत असं करत नाही.

आईंनी पंखा बघितला आणि म्हणाल्या, "हे तर वेखंड."

मी म्हटलं नाही आई, आयरिस आहे. त्या म्हणाल्या, दोन मुलांना गुटी उगाळून दिलीय मी, वेखंडाचं पान मला कळत नाही होय. वाईला त्यांच्या माहेरी घराच्या मागे पन्हाळीचं पाणी पडायचं तिथे वेखंड होतं म्हणे. मग त्यांनी माझ्या सातातल्या एकाच्या पानाचं टोक चुटकन तोडलं, चुरगाळलं, नाकाला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "वास नाही. वेखंड नाही." परीक्षा संपली, निकाल लागला. खरं म्हणजे ही परीक्षा अगदी बरोबर आहे, वेखंडाच्या पानाला चुरगाळलं की तो ओळखीचा उग्र गोड वास येतो आणि आयरिसच्या पानाला काही नाही. आणि चूकही काही साधी नाही. युरोपात पाण्याकाठी पिवळ्या फुलाचं एक आयरिस येतं, त्याचं शास्त्रीय नाव आयरिस स्यूडॅकोरस, आणि अ‍ॅकोरस म्हणजे आपलं वेखंड, म्हणजे नावाचा अर्थच 'खोटं वेखंड'. हे नाव स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिलंय. मी आईंना सांगितलं की तुमचा घोटाळा फार मोठ्या लोकांच्या पंगतीतला आहे. त्या म्हणाल्या, घोटाळा कुठे, मी वास घेऊन सांगितलं ना नाही म्हणून.

आयरिसला वास असतो तो काही जातींच्या गड्ड्यात, तोही ताज्या गड्ड्यात नाही. गड्डे सोलून वर्षानुवर्षं वाळवत ठेवले की त्यांना व्हायोलेटच्या फुलांसारखा वास यायला लागतो, अत्तरवाले त्याला ऑरिस म्हणतात आणि तो महागात जातो. हे आईंना फार आवडलं. तीन वर्षं वाळवून मग वास घ्यायचा, या हिशोबात त्यांना काही वावगं वाटलं नाही. मीठ लावलेल्या कैऱ्यांवर चार दिवस धीर न धरणारी मी.

उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधली, दोन गेले, पाच राहिले. मग जून आला.

पावसाबद्दल एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. पुण्याचा आणि श्रीनगरचा वर्षभराचा पाऊस आकड्यात फार वेगळा नाही, दोन्हीकडे साधारण 700 मिलिमीटरच्या आसपास. म्हणून मी निश्चिंत होते. पण तो पडतो कधी? तिकडे हिवाळ्यात नि वसंतात पडतो, बर्फ होऊन, मार्च एप्रिलच्या सरींतून, म्हणजे झाडाला वाढायचं असतं फुलायचं असतं तेव्हा, आणि फुलून झाल्यावर उन्हाळ्यात गड्डा बराचसा कोरडा पाठ शेकत पडून राहतो. आपल्याकडे तोच आकडा चार महिन्यांत, नेमका त्याच्या झोपेच्या वेळेला, वर ढग, खाली चिखल. मुरूम घालूनसुद्धा जुलैत एकेक पंखा मुळाशी पिवळा पडून कलायला लागला. हात लावला की पंखा हातात, आणि खाली गड्ड्याच्या जागी घाण वासाचा लगदा. आठवडाभर नखांतून तो वास जात नव्हता. उरलेले दोन मी रात्री अकराला बॅटरी लावून उकरले, मातीच्या उथळ कुंडीत मुरूम आणि वाळूत बसवले आणि गाडीच्या शेडखाली ठेवले. शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारलं, काय पुरताय? म्हटलं पुरत नाहीये हो, काढतेय.

मध्ये एकदा कंटाळून सोरतापवाडीला नर्सऱ्यांत चक्कर मारली, सोलापूर रस्त्याला, मैलभर नर्सऱ्याच नर्सऱ्या. आयरिस विचारलं की एका ठिकाणी ग्लॅडिओलस दाखवायचे, दुसऱ्या ठिकाणी वॉकिंग आयरिस, तिसऱ्या ठिकाणी आफ्रिकन आयरिस. खोटं कोणी बोलत नव्हतं, ग्लॅडिओलस काय, केशर काय, सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत. पण मामेबहीण दाखवून लग्न जमवल्यासारखं वाटलं. रोपं न घेता आले. (खोटं कशाला, एक सोनचाफा घेतला.)

आणि मग तो पोपट. 2023 च्या जूनमध्ये, माझे पाच मरणाच्या वाटेवर असताना, वाफ्यात नवीन पंखे दिसायला लागले. चपटे, एका पातळीत, अस्सल आयरिसचे. मोजले तर अकरा! मी वेडीपिशी झाले. न उगवलेल्या अकराच बिया मागे राहिल्या होत्या, अठरातून सात गेल्या की अकराच उरतात, हिशोबही तंतोतंत. पुढच्या वर्षी येतात म्हणून वाचलं होतंच. नवऱ्याला ऑफिसमध्ये फोन केला. पायरीवरून आईंचा आवाज आला, "ते माझे आहेत."

मी म्हटलं आई, तुमचे गड्डे मी मुळापासून काढले होते. त्या म्हणाल्या, गड्डे काढलेस, बिया कुठे वेचल्यास? यावर मी त्यांना बीजसुप्तावस्था या विषयावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर वर्षभर आम्ही दोघी त्याच अकरा रोपांना पाणी घालत होतो, मी माझी समजून, त्या त्यांची समजून. पानावरून सांगता येईना. मी एकदा लपून पान चुरगाळून वासही घेतला, त्याने वेखंड नाही एवढंच सिद्ध झालं, आणि तसं कोणीच म्हणत नव्हतं. पावसाळ्यात ही रोपं सडत का नाहीत हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला असेलही, मी उत्तर शोधलं नाही.

2024 च्या जुलैत पहिला दांडा आला, कळी आली, आणि एका सकाळी उघडली. नारिंगी. शेंदरी ठिपके. सहा पाकळ्या, मध्ये काही केसाळ दाढी नाही, उभ्या पाकळ्यांची कमान नाही, आयरिसचं म्हणून जे चित्र डोक्यात असतं त्यातलं काहीच नाही. मी चहा घेऊन तिथेच उभी होते, आई मागून आल्या, बघितलं, आणि काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिडून मी त्या फुलाचं नाव शोधायला बसले, म्हटलं निदान माझा वाफा कोणी घेतला ते तरी कळू दे. आणि स्क्रीनवर आलं, आयरिस डोमेस्टिका.

मी तीनदा वाचलं. जे झाड मी आयरिससाठी जागा करायला उपटलं होतं ते आयरिस होतं. 2005 पासून अधिकृतपणे. त्याआधी त्याला बेलमकांडा चिनेन्सिस म्हणायचे, पण डीएनएच्या अभ्यासातून ते आयरिसांच्याच घरातलं निघालं म्हणून वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्याला त्या वंशात घेतलं. बेलमकांडा हा शब्द तर आपल्याच किनाऱ्यावरचा. मलबारात डच कमांडर व्हॅन ऱ्हीड याने तिथल्या वैद्यांना हाताशी धरून 'होर्टस मलबारिकस' हा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 1678 ते 1693 मध्ये तो छापला गेला, त्यातलं हे नाव. पुढे लिनियसने 1753 च्या एकाच ग्रंथात या एकाच झाडाला दोन वेगवेगळी झाडं समजून दोन नावं दिली. एका ठिकाणी इक्झिया चिनेन्सिस म्हणजे चीनची, आणि दुसऱ्या ठिकाणी चक्क ऑर्किडांमध्ये ढकलून एपिडेंड्रम डोमेस्टिकम. डोमेस्टिका म्हणजे घरची, घराशी राहणारी.

हे सगळं मी आईंना वाचून दाखवलं. आपण जिंकलो असं त्यांना वाटेल आणि मलाही थोडं जिंकता येईल असा माझा डाव होता, दोघींचंही आयरिसच निघालं ना. त्या म्हणाल्या, "नाव बदललं म्हणून काय झालं. माझंही बदललंच होतं."

आईंचं माहेरचं नाव मला लग्नाच्या अकराव्या वर्षी कळलं. माळ्यावरून एक पितळी डबा खाली काढला होता, त्यावर कोरलेलं नाव वाचून मी विचारलं या कोण. "मी," म्हणाल्या. लग्नात तांदळात नाव लिहिलं ते दुसरंच, आणि तेव्हापासून त्या दुसऱ्याच. तो डबा रुखवतातला. त्यातून त्यांच्या आईने मेतकूट दिलं होतं, आणि मेतकूट संपल्यावर पुढच्या खेपेला वाईहून त्यातूनच या ठिपक्यांच्या फुलाच्या बिया आल्या. हे त्यांनी मला त्या जुलैत सांगितलं, फूल आल्यावर. त्याआधी पायरीवर मेथी निवडताना नाही सांगितलं. मी विचारलं का नाही सांगितलंत, तर म्हणाल्या, तू घाईत होतीस.

आता त्या फुलाकडे मी नीट बघते. सकाळी उघडतं, मधमाश्या येतात, संध्याकाळी मिटतं ते नुसतं मिटत नाही, स्वतःला पीळ देतं, फडकं पिळून ओट्यावर ठेवावं तसं घट्ट. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी. मग बोंड धरतं, आणि पावसाळा सरल्यावर ते तीन बाजूंनी सोलून मागे दुमडतं आणि आत काळ्याभोर चकचकीत बियांचा घोस उभा राहतो, थेट काळी तुती. इंग्रजीत त्याला ब्लॅकबेरी लिली म्हणतात ते यावरूनच. जपानमध्ये या बियांना नुबातामा म्हणतात आणि त्यांच्या जुन्या कवितेत हा शब्द रात्रीच्या आधी, काळ्या केसांच्या आधी यायचा, आपल्याकडे काजळासारखी काळी म्हणतात तसा. तिथे क्योटोला जुलैतल्या गिऑन उत्सवात हे फूल घराघरांत मांडतात. हे कळल्यावर आई म्हणाल्या की म्हणजे चालतं देवाला. तेव्हापासून रोज एक जातं. कबरीवाल्याला बंदी अजून कायम आहे, तसं अजून वाहायला काही आलेलंही नाही.

काश्मिरी दोघांतलं एक गेल्या पावसाळ्यात गेलं. उरलेलं एक शेडखाली आहे, जून ते सप्टेंबर त्याला जवळजवळ पाणीच देत नाही, एका पंख्याचे तीन पंखे झालेत. फूल नाही. बी फसली पण झाड दरवर्षी फसणार नाही, त्याला दर हिवाळ्याला खरी थंडी लागते आणि अख्खी कुंडी काही मधल्या कप्प्यात मावत नाही. नवऱ्याने जुना फ्रिज विकायला काढला होता तेव्हा माझ्या मनात एक विचार येऊन गेला, तो बोलून दाखवला नाही. आई येता जाता विचारतात, "काश्मीरवाली काय म्हणते?" मी सांगते, बरी आहे.

घरच्या आयरिसला थंडीबिंडी काही लागत नाही, बी पडते, जूनमध्ये येते. पण यंदा बोंडं फुटल्यावर आईंनीच बिया वेचल्या, निम्म्या वाफ्यात सोडल्या आणि निम्म्या मला म्हणाल्या फ्रिजमध्ये ठेव. कशाला, म्हटलं, यांना गरज नाही. "बघू तरी लाड केल्यावर काय करतात."

तर सध्या मधल्या कप्प्यात, सायीच्या पातेल्याशेजारी, तो पितळी डबा आहे, आत ओल्या टिश्यूची झिपची पिशवी आणि बाहेर आईंचं जुनं नाव. मागच्या आठवड्यात मावशींनी त्यातल्या चार बिया काढून खलबत्त्यात टाकल्या होत्या, कुटायच्या आधी सापडल्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून डब्यावर चिकटपट्टीने कागद लावलाय, आईंच्या अक्षरात, बॉलपेनने दोनदा गिरवून: हे मिरे नाहीत.